पंगतीतला डेल्टा

फॉर्मच्या सहाव्या रकान्यात लिहिलं होतं, 'आपल्या उत्कृष्ट अध्यापनाचा पुरावा जोडावा (जिओटॅग फोटोसह)'. मी गणिताची बाई, कंस दिसला की आधी कंस सोडवायची सवय, पण हा कंस काही सुटेना. जिओटॅग फोटोत दिसून दिसून काय दिसणार, तर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि फळ्यासमोर हात वर करून उभी असलेली बाई. त्या वेळेला त्या जागी कुणाच्या डोक्यात काही उजेड पडला का, हे कुठल्या सॅटेलाइटला कळणार आहे?

फॉर्म आमच्याच कॉलेजचा. ऑगस्ट २०२३. त्या वर्षी केंद्र सरकारनं राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारात पहिल्यांदाच कॉलेज-युनिव्हर्सिटी-पॉलिटेक्निकच्या मास्तर लोकांना घेतलं, तोवर ५ सप्टेंबरचा हा पुरस्कार म्हणजे शाळेच्या शिक्षकांचा. एकूण ७५ जणांत उच्च शिक्षणातले १३. अख्ख्या देशातून १३, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत ते यायला किती पंचवार्षिक योजना लागतील देव जाणे, पण बातमी वाचून आमच्या प्राचार्य सरांच्या मनात आलं की आपणही आपल्या पातळीवर काहीतरी सुरू करू, कॉलेजचा 'उत्कृष्ट शिक्षक पुरस्कार'. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवायलाही बरं. लगेच तीन जणांची समिती झाली. आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे कोऑर्डिनेटर, बाहेरचे एक रिटायर्ड प्राचार्य आणि मी. मला का घेतलं असं मी विचारलं तर म्हणाले, एक महिला सदस्य पाहिजे मॅडम. बरं बाबा.

शंभर गुणांचा तक्ता तयार होता. संशोधन ३०, सेमिनार-कॉन्फरन्स-एफडीपी (शिक्षकांचं ट्रेनिंग) २०, विस्तारकार्य १५, ई-कंटेंट १०, निकाल १०, विद्यार्थ्यांचा फीडबॅक १५. मी दोनदा बेरीज केली, बरोबर शंभर होत होती, त्यात चूक नव्हती. मग तोच तक्ता पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की हा तक्ता आपण कुठंतरी बघितलाय. आमच्या सगळ्यांच्या कॅसच्या, म्हणजे प्रमोशनच्या फायलीत हेच तर असतं. २०१० मध्ये युजीसीनं एपीआय, म्हणजे मास्तरांचं काम पॉइंटांत मोजायची पद्धत आणली तेव्हापासून आमची एक अख्खी पिढी कागद गोळा करत मोठी झाली, पेपर छापला तर इतके पॉइंट, चॅप्टर लिहिला तर इतके, कुठं दोन दिवस जाऊन बसलं तर इतके, आणि ह्या पॉइंटांपायी जर्नलांचा जो बाजार उठला तो इतका की मे २०१८ मध्ये युजीसीनं एका दणक्यात ४,३०५ जर्नलं स्वतःच्याच यादीतून काढून टाकली. त्याच वर्षी जुलैत नवे नियम आले. त्यात शिकवण्याचं मोजमाप कसं करायचं? नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त तास घेतले की 'गुड', ७० ते ८० असेल तर 'सॅटिस्फॅक्टरी', त्याच्या खाली गेलं की 'नॉट सॅटिस्फॅक्टरी'. संपलं. म्हणजे तास घेतला का हे बघायचं, त्या तासात काय झालं ते बघायचं नाही. नॅकला बोल लावावा तर तिथं संलग्न कॉलेजांना त्या वेळी १००० पैकी ३५० गुण अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनालाच होते, सगळ्यात मोठा हिस्सा, पण आत उतरून बघितलं तर, पीएचडी झालेले शिक्षक किती, एका शिक्षकामागं पोरं किती, पास किती. वर्गाच्या दारापर्यंत सगळे येतात, आत मात्र कुणी येत नाही.

आता मला जे सांगायचंय ते ह्या तक्त्याबद्दल नाहीच खरं तर. तक्त्यावर शिव्या घालायला स्टाफरूम आहे. मला माझ्या सहीबद्दल सांगायचंय.

आमच्याकडं बीएस्सी फर्स्ट इयरला दोन डिव्हिजन. ए डिव्हिजनला गणित शिकवायला आमच्या डिपार्टमेंटचे पर्मनंट सर, आणि बी डिव्हिजनला सीएचबीवरचे, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे मिळणारे एक सर. तासिका तत्त्व म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही, घरटी एक तरी असतोच असा, नेट झालेला, सेट झालेला, पीएचडी झालेला, आणि दर जुलैला पुन्हा मुलाखतीला उभा. हे सर तसेच. तिशी ओलांडलेली, मोटारसायकलवर पंचवीस किलोमीटरवरून यायचे, पावसाळ्यात पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली असायची, आधी नळावर पाय धुवायचे मग मस्टर. सही करून खाली मान घालून वर्गावर. स्टाफरूममध्ये त्यांची ठरलेली खुर्ची नव्हती, जी रिकामी असेल ती.

सेकंड इयरचं रिअल अ‍ॅनालिसिस माझ्याकडं. म्हणजे दोन्ही डिव्हिजनची पोरं वर्षभर तिकडं शिजून माझ्याकडं एका वर्गात येतात. आणि हळूहळू, म्हणजे पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी, मला न विचारता कळायला लागलं की कोण कुठल्या डिव्हिजनचं. बी डिव्हिजनची पोरं कच्चं काम पानाच्या उजवीकडं उभी रेघ मारून करतात, खोडत नाहीत. प्रूफ सुरू करताना 'समजा' लिहितात आणि पुढं थोडी जागा सोडतात, कारण काय समजायचं ते शेवटी कळतं. आणि थिअरम संपला, मी डस्टर उचललं की कुणीतरी विचारणारच, "मॅडम, उलटंही खरं आहे का?" पहिल्यांदा मला वाटलं वात्रटपणा करायलेत. मग लक्षात आलं, ही सवय आहे, कुणीतरी लावलेली सवय. कन्व्हर्स विचारायचा. एमएस्सीला गेलेली पोरंही हे विचारत नाहीत.

त्या ऑगस्टमधली एक सकाळ. पेरण्या आटोपलेल्या त्यामुळं हजेरी बरी, नाहीतर जुलैत अर्धा वर्ग शेतात असतो आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढायला पुन्हा गायब. मी फळ्यावर युनिफॉर्म कंटिन्युइटीची व्याख्या लिहिली. शेजारी साध्या कंटिन्युइटीची, म्हणजे एक्स जरासा हलला तर उत्तरही जरासंच हलतं, एकदम उडी मारत नाही, ह्याची. म्हटलं, दोन्हीत शब्द जवळपास तेच आहेत, फक्त जागा बदलल्यात, मग फरक काय? नेहमीप्रमाणे सगळे वहीत डोकं घालून बसले. हा प्रश्न मी वीस वर्षं विचारतेय आणि वीस वर्षं स्वतःच उत्तर देतेय, आताही तोंड उघडणार तेवढ्यात मागून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तांड्यावरून एसटीनं येणारी, कधी फारसं न बोलणारी.

"मॅडम, पहिल्यात ताट बघून पळी उचलायची. ह्याच्यात पळी एकच, सगळ्या पंगतीला."

अर्धा वर्ग फिस्सकन हसला. उरलेला अर्धा मान डोलवत होता, आणि तो अर्धा कुठल्या डिव्हिजनचा हे मला सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, कुठली पळी? तर ती लाजली, मग बाकीच्यांनीच सांगितलं. सरांनी फर्स्ट इयरला एप्सिलॉन-डेल्टा असं शिकवलं होतं. एप्सिलॉन, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल तो आकडा, पाव्हण्याचा. डेल्टा, म्हणजे त्यासाठी एक्स किती हलू द्यायचा तो आकडा, वाढप्याचा. पाव्हणा आधी सांगणार, माझ्या ताटात एवढ्याच फरकात वाढा, एवढ्याच्या बाहेर सांडायचं नाही. ते ऐकून मग वाढप्यानं पळी निवडायची. पाव्हणा जितका नखऱ्याचा तितकी पळी बारीक. आणि पाव्हणा बोलायच्या आधी पळी उचलली तर मार्क गेले. ज्यांनी हे शिकवलंय किंवा शिकलंय त्यांना कळेल की ह्याच्यात अख्खी व्याख्या आली, सगळ्यात अवघड भाग म्हणजे कोण आधी आणि कोण नंतर, त्याच्यावर मोठमोठी पुस्तकं पानं घालवतात आणि पोरं तरी तिथंच अडखळतात. इथं एका वाक्यात, आणि तेही अशा वाक्यात जे लग्नाच्या पंगतीत वाढायला उभं राह्यलेल्या कुठल्याही पोराला हातानं माहीत असतं.

पण मला जे लागलं ते वेगळंच. युनिफॉर्म कंटिन्युइटी फर्स्ट इयरला नसते. सरांनी ती शिकवलेलीच नव्हती. पंगत तिची होती.

मग मी तिला उठवून फळ्यापाशी आणलं आणि शून्य ते एकच्या मध्ये एक भागिले एक्स दिलं, म्हटलं वाढ आता ह्याला. तिनं आलेख काढला, शून्याकडं सरळ वर चढत जाणारा. खडू तिथंच टेकवून विचार करत उभी. मग म्हणाली, "इकडं जमीन उतरती होत जाती मॅडम. तीच पळी घेऊन इकडं आलं की सांडतंय. बारीक घेतली तर ह्या ताटाला पुरतंय, पण त्याच्या पलीकडचा पाव्हणा ओरडणार. आणि पलीकडं कुणी ना कुणी हायच." मग उजवीकडं उभी रेघ मारून कच्चं काम केलं, एका ठिकाणी डेल्टाऐवजी डेल्टाचं निम्मं घ्यायला विसरली, ते तिचं तिलाच दिसलं, दुरुस्त केलं, हात झटकून जागेवर गेली. तास संपून पाच मिनिटं झाली होती, पुढच्या तासाचे सर दारात उभे होते, मी म्हटलं दोन मिनिटं थांबा हो.

त्यानंतर सहा दिवसांनी समितीची बैठक.

टेबलावर चार फायली. सगळ्यात जाड ए डिव्हिजनच्या सरांची. आता इथं कुणाला वाटेल मी त्यांच्यावर घसरणार, तर तसं नाही, माणूस चांगला आहे, पोरांचे फोन रात्री दहालाही उचलतो, स्वच्छ टाइप केलेल्या नोट्स पीडीएफमध्ये पाठवतो, परीक्षेच्या आधी अपेक्षित प्रश्न काढून देतो, पोरांना त्यांचा आधार वाटतो. बावीस पेपर. ते कुठल्या जर्नलात आहेत हे मी विचारलं नाही, माझेही दोन तसलेच आहेत. निकाल ए डिव्हिजनचा दरवर्षी बीपेक्षा वरचढ. फीडबॅकही तसाच, ए डिव्हिजन पाचपैकी चारच्या वर, बी डिव्हिजन साडेतीनच्या आसपास. बी डिव्हिजनच्या गूगल फॉर्ममध्ये पोरांनी काय लिहिलं होतं ते मी वाचलं. 'सर नोट्स देत नाहीत.' 'सर उत्तर सांगत नाहीत उलट आपल्यालाच विचारतात.' 'सर चांगले आहेत पण पोर्शन हळू आहे.'

मला तेव्हा ते माहीत नव्हतं, नंतर वाचलं, आणि वाचल्यावर झोप लागली नाही. अमेरिकेत कोलोरॅडोला त्यांची एअर फोर्स अकॅडमी आहे. तिथं पोरं वर्गावर वाटताना चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली जातात, कुणाला कुठले सर हे पोरं ठरवत नाहीत, पेपर सगळ्यांना एकच, आणि पुढचे कोर्सही सगळ्यांना सक्तीचे. त्यामुळं दोन अर्थशास्त्रज्ञांना एक गोष्ट तपासता आली जी आपल्याकडं कुणी तपासतच नाही, की ह्या सरांकडं कॅल्क्युलस शिकलेलं पोरगं पुढच्या कोर्समध्ये, दुसऱ्या सरांच्या हाताखाली, कसं करतं. २०१० मध्ये त्यांचा पेपर आला. ज्यांच्या वर्गाचा त्या वेळचा निकाल चांगला आणि ज्यांना पोरांचा फीडबॅक चांगला, त्यांची पोरं पुढच्या कोर्समध्ये मागं पडत होती. आणि जुने, अनुभवी, ज्यांना पोरं कमी मार्क देत होती, त्यांची पोरं पुढं जाऊन वरचढ ठरत होती. कॅल्क्युलसच! आमचाच विषय! जणू माझ्याच वर्गाच्या खिडकीत उभं राहून लिहिलंय.

फीडबॅकबद्दल एक जुना किस्सा पण सांगायलाच पाहिजे, तो फार गंमतशीर आहे. १९७० साली अमेरिकेत काही मंडळींनी एका नटाला पकडलं, त्याला 'डॉ. मायरन फॉक्स' असं नाव दिलं, गणिती गेम थिअरीवर एक भाषण पढवलं ज्यात मुद्दाम काही अर्थच ठेवला नव्हता, एकमेकांना खोडणारी वाक्यं, फिरवाफिरवी, विनोद, आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञ-मानसशास्त्रज्ञांच्या पुढं उभं केलं. नट तो, त्यानं भाषण असं काही रंगवलं की समोरच्या शिकलेल्या माणसांनी फॉर्मवर भरभरून मार्क दिले. कुणालाही संशय आला नाही. १९७३ मध्ये ते छापून आलं. आपल्याकडं तर बोलबच्चन माणसाला मुळातच मान, त्याच्यासाठी प्रयोग करायची पण गरज नाही, कुठल्याही गॅदरिंगला जाऊन बसा.

आणि बायकांचं अजून वेगळंच. माझ्या फीडबॅकमध्ये दरवर्षी एक वाक्य ठरलेलं, 'मॅडम फार कडक आहेत'. आमच्या फिजिक्सच्या सरांना 'सर शिस्तप्रिय आहेत' येतं. ते पोरांना बाकावर उभं करतात, मी नुसता चष्म्यावरून बघते. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत एका ऑनलाइन कोर्समध्ये एक बाई आणि एक पुरुष शिकवत होते, पोरांना चेहरे दिसत नव्हते, तर त्यांनी एकेका गटापुरती आपसात नावं बदलून घेतली. पेपर तपासून द्यायला दोघांना सारखाच वेळ. 'वेळेवर तपासून देतात' ह्याला पुरुषाच्या नावाला पाचपैकी ४.३५ आणि बाईच्या नावाला ३.५५. त्याच दिवशी, त्याच वेळी तपासलेले पेपर! प्रयोग छोटासाच होता, त्याच्यावर इमला बांधू नये, पण मी तो आकडा आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमला सांगितला तर त्या म्हणाल्या, एवढाच फरक?

असो. बैठक. मी एकदा, हळू आवाजात, बी डिव्हिजनच्या सरांचं नाव काढलं. कोऑर्डिनेटर म्हणाले, "मॅडम, त्यांची फाईल कुठंय?" फाईल नव्हतीच, त्यांनी अर्जच केला नव्हता, कारण अर्ज कायम शिक्षकांसाठी होता. "आणि तसंही ते आपल्या आस्थापनेवर नाहीत." मी म्हटलं, "हो, तेही खरंच." बास, एवढंच बोलले मी. पळीची गोष्ट माझ्या जिभेवर होती. पण त्या टेबलावर, त्या चार फायलींच्या पुढं, "एका मुलीनं वर्गात पंगत म्हणलं" हे बोलायची मला लाज वाटली. पुरावा काय, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडं जिओटॅग नव्हता. बाहेरून आलेले प्राचार्य घड्याळ बघत होते, त्यांना साडेचारची गाडी होती. चहा आला. मी सही केली.

५ सप्टेंबरला कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ, बुके, नेहमीचं. सर्टिफिकेटवर नाव घालायचं काम सीएचबीवाल्या सरांकडं आलं होतं कारण त्यांचं अक्षर चांगलं. आदल्या दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये बसून काळ्या शाईनं लिहीत होते, मला विचारलं, "मॅडम, ह्यांच्या आडनावात वेलांटी पहिली की दुसरी?" मी सांगितलं, दुसरी. त्यांनी दुसरी दिली. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सीक्वेन्स सुरू करतोय, तुम्हाला सेकंड इयरला त्यातलं काय जास्त लागतं?" अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. मीही कुणाला विचारलेला नाही.

पुढच्या जुलैला त्यांचं नाव यादीत नव्हतं. मुलाखतीला आलेच नाहीत. लातूरला एका ट्यूशनमध्ये लागले असं कळलं.

लातूरचं आता काय सांगावं. लातूर पॅटर्न म्हटलं की महाराष्ट्रभर माना वळतात, नीट-जेईईला पोरं पाठवायला लोक रान विकतात, ट्यूशन एरियात तर गल्ल्याच्या गल्ल्या होस्टेल आणि मेसच्या. मला आधी वाईट वाटलं, मग वाटलं, वाईट का वाटावं? अख्ख्या मराठवाड्यात 'हा मास्तर चांगला शिकवतो' एवढ्या एका गोष्टीवर रोख पैसे मोजणारी दुसरी जागा दाखवा. तिथं कुणी विस्तारकार्य विचारत नाही. पण तिथंही शिकवण्याला किंमत आहे असं म्हणता येत नाही, किंमत रँकला आहे. फ्लेक्सवर पोरांचे फोटो असतात, त्यांच्यामागं सरांचा, आणि पुढच्या वर्षी रँक आली नाही की सरांचा फोटो उतरतो. आमच्याकडं पुरावा म्हणजे फाईल, तिकडं पुरावा म्हणजे फ्लेक्स. मधल्या मध्ये ती पळी.

त्या वर्षी मी आयक्यूएसीच्या बैठकीत एक गोष्ट मांडली. म्हटलं, फायलीत एक पान वाढवा. ते पान ज्याचं त्यानं लिहायचं नाही, पुढच्या वर्गाच्या शिक्षकानं लिहायचं. एफवायच्या मास्तराचं पान एसवायच्यानं, एसवायच्याचं टीवायच्यानं, आणि टीवायच्याचं पोरं जिथं एमएस्सीला जातात तिथल्यांनी, नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या. ही पोरं काय घेऊन आली, कशी बसतात, काय विचारतात, कुठं अडतात. कायम की सीएचबी हे बघायचंच नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं, एक जण म्हणाले कल्पना चांगली आहे, एक जण म्हणाले डिपार्टमेंटमध्ये भांडणं लागतील (हे खरंय, लागतील), आणि मग कोऑर्डिनेटर म्हणाले, "पण मॅडम, ह्याचं डॉक्युमेंटेशन कसं करायचं?" विषय पुढच्या बैठकीवर गेला. अजून तिथंच आहे.

आमच्या भागात तसं हे, मास्तर त्याच्या पोरांवरून ओळखायचं, नवीन नाही. नांदेडला अजून एखादा सत्तरी-पंचाहत्तरीचा माणूस भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, मी गुरुजींचा विद्यार्थी, की पुढं नाव घ्यावं लागत नाही, नरहर कुरुंदकर. आधी शाळेत शिकवलं, मग पीपल्स कॉलेजात, तिथंच प्राचार्य झाले, १९८२ च्या फेब्रुवारीत औरंगाबादला व्यासपीठावरच गेले. चाळीस वर्षं उलटली तरी माणसं स्वतःची ओळख अशी सांगतात, कुणाच्या हाताखालून आलो ते. प्राचार्य झालेल्या माणसाला लोक 'गुरुजी' म्हणतात, प्राथमिक शाळेच्या मास्तराला म्हणतात तसं. ही ओळख पोरं देतात, आणि खूप उशिरा देतात, तोवर कॅसची मुलाखत कधीच होऊन गेलेली असते.

मी आता एक वही केलीय. साधी, दोनशे पानी. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, नवीन पोरं आली की, त्यांच्यात मला काही चांगलं दिसलं की लिहून ठेवते आणि शोधते की हे कुठून आलं. कधी कधी उत्तर कॉलेजात नसतंच, अकरावी-बारावीच्या कुठल्यातरी मॅडम असतात, एकदा तर आश्रमशाळेतले एक मास्तर निघाले. मग फोन नंबर मिळवायचा आणि फोन करायचा. सुरुवातीला फार ऑकवर्ड होतं, समोरच्याला वाटतं तक्रार आहे किंवा काहीतरी विकतेय. आश्रमशाळेचे मास्तर आधी दहा सेकंद गप्पच होते, मग म्हणाले, "कोण बोलताय म्हणालात?"

सगळ्यात पहिला जो फोन करायचा होता तो मात्र मी दोन वर्षं केला नाही. सहीमुळं. त्यांना त्या बैठकीतलं काही माहीत नाही, पण मला माहीत होतं ना.

परवा केला. रविवार होता, दुपारची वेळ, मागं कुठल्यातरी बॅचचा गोंगाट. मी आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग एकदम सांगून टाकलं, पळी, पंगत, एक भागिले एक्स, उतरती जमीन, पलीकडचा पाव्हणा, सगळं. बैठकीचंही सांगितलं. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला.

"हॅलो?"

"हां मॅडम, ऐकतोय." मग थोडं थांबून, "उतरती जमीन मी म्हणलो नव्हतो. हे चांगलंय." कुणालातरी 'आलो, आलो' म्हणाले. "पण दुसरं एखादं फंक्शन घेऊन दोन्ही टोकांवरही पाट मांडले, अन् तिथल्या पाव्हण्यांनाही ताट बघून वाढता येतंय असं धरलं, तर सगळ्या पंगतीला एक पळी पुरती का नाही, हे विचारलं का तुम्ही तिला?"

मी नव्हतं विचारलं. तास संपला होता, दारात पुढचे सर उभे होते, आणि दुसऱ्या दिवशी मी सरळ पुढच्या थिअरमवर गेले होते, जो नेमका तोच थिअरम आहे, फळ्यावर लिहून, माझ्या पद्धतीनं.

"ती आता नांदेडला एमएस्सीला आहे," म्हटलं, "विचारते."

"विचारा. अन् मला सांगा," म्हणाले, आणि बॅचवर गेले.